आईसोबतचा पुण्यातला डिसेंबर: केळकर संग्रहालय, सवाई, बालगंधर्व आणि भीमथडी

धनकवडीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. डिसेंबर म्हणजे लग्नसराई. अस्तर, हुक, लटकन आणि ‘ताई, उद्या हळद आहे हो’ यातून मान वर होत नाही. पुण्यात नेमकं याच महिन्यात सगळं असतं, आणि वीस वर्षं मी ते पेपरात वाचून बाजूला ठेवत आले. गेल्या डिसेंबरात तसं केलं नाही. आईला घेऊन चार ठिकाणी गेले. तिचं वय ७१, दोन्ही गुडघे दुखतात, रात्रीचं कमी दिसतं, आणि कुठे चल म्हटलं की ‘मला कशाला, तू जाऊन ये’ हे ठरलेलं उत्तर. म्हणून पायऱ्या, खुर्च्या, स्वच्छतागृह आणि परतीची रिक्षा यांनाही मी इथे गाण्याइतकीच जागा दिली आहे. ज्यांच्या घरी असं ‘मला कशाला’ म्हणणारं माणूस आहे, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे.

थोडं आधीचं सांगायला हवं. आई १९७७ साली लग्न होऊन शनिवार पेठेत आली. वाड्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि रमणबाग शाळा हाकेच्या अंतरावर. माझ्या लहानपणी सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेच्या मैदानावर व्हायचा आणि रात्र रात्र चालायचा. बाबा मित्रांबरोबर जायचे. आई त्यांना थर्मासमध्ये चहा भरून द्यायची, शाल द्यायची आणि दार नुसतं लोटून घेऊन आडवी व्हायची. गाणं मात्र तिने दरवर्षी ऐकलं, कारण मंडपातला आवाज आमच्या गॅलरीत स्पष्ट यायचा. पहाटे नळ यायचा. हंडे, बादल्या, पिंप भरता भरता तिने भीमसेन जोशी ऐकले. महोत्सवाच्या शेवटी तेच गायचे आणि तोवर उजाडत आलेलं असायचं. मंडपात ती एकदाही बसली नाही. आधी आम्ही लहान, मग आजीचं आजारपण, मग डिसेंबरातल्या परीक्षा, काही ना काही होतंच. बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली. तो थर्मास माझ्याकडे आहे.

पहिली फेरी राजा दिनकर केळकर संग्रहालयाची केली. मार्गशीर्षातला गुरुवार होता, आईचा उपास, त्यामुळे स्वयंपाकाची घाई नव्हती. बाजीराव रस्त्यावरून आत नातूबागेत ते आहे. सकाळी दहाला उघडतं. मी सांगेन की उघडताच जा, कारण अकरानंतर शाळांच्या सहली यायला लागतात आणि त्या गलक्यात जुन्या वस्तूंपाशी मन लागत नाही.

हे संग्रहालय एका माणसाच्या हौसेतून उभं राहिलं आहे. दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहायचे. गावोगाव हिंडून त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी घरोघरच्या वस्तू गोळा केल्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला आणि त्याच्या नावाने हा संग्रह उभा राहिला. पुढे त्यांनी तो महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. एकूण वस्तू वीस हजारांच्या वर आहेत, मांडलेल्या जेमतेम अडीच हजार. कोथरूडला असलेला मस्तानी महाल तिथून आणून आत पुन्हा उभारला आहे, आणि बहुतेक लोक तो बघायलाच येतात. महाल सुंदर आहे, पण आमचा वेळ गेला दिवे, विळ्या, किसण्या आणि अडकित्त्यांपाशी.

अडकित्त्यांच्या कपाटासमोर आई उभी राहिली ती हलेचना. घोडा, मोर, माणसांची जोडी, असे किती तरी आकार. सुपारी कातरायचं साधं हत्यार, पण घडवणाऱ्याने त्याच्या दोन पात्यांत दोन माणसं बघितली. आजीचा अडकित्ता पितळी होता आणि त्याच्या एका मुठीचं टोक तुटलेलं होतं, हे मला आईने तिथे पहिल्यांदा सांगितलं. बाजूला वज्र्या होत्या, टाचा घासायच्या. खाली खरखरीत, वर पक्षी किंवा प्राणी, आणि काहींच्या पोटात खुळखुळणारे मणी. ‘आंघोळ करतानासुद्धा वाजलं पाहिजे, काय हौस!’ असं ती म्हणाली आणि कितीतरी वेळ हसत होती.

मी अडकले ती कपड्यांपाशी. आरसे लावलेलं भरतकाम होतं, आणि काचेला नाक लावून मी टाके बघत राहिले. त्या आरशाला भोक नसतं. आधी दोऱ्याचे दोन आडवे आणि दोन उभे ताण घेऊन आरसा कापडावर दाबून धरायचा, मग त्या ताणांमध्ये सुई अडकवत गोल गोल काज्याचा टाका घालायचा. म्हणजे आरसा शिवलेला नसतो, दोऱ्याच्या कोंदणात बसवलेला असतो. आजकाल बाजारात तयार चिकटवलेले आरसे येतात आणि दोन धुण्यांत गळून पडतात. इथे मात्र दोऱ्याचा रंग उडाला होता, पण आरसा जागचा हललेला नव्हता. टाका इतका दाट की मधे सुईचं टोक शिरलं नसतं. हे करायला कुणा बाईचे डोळे किती दिवस लागले असतील याचा अंदाज मला करता येतो, कारण माझं पोट त्याच कामावर आहे.

गुडघेदुखीवाल्यांसाठी: दालनं मजल्यांवर आहेत आणि जिने चढावे लागतात. आई एक मजला चढली आणि मग खाली बसून राहिली, वर मी एकटी जाऊन आले. पूर्ण बघायचंच असेल तर दोन दिवसांत बघा, एका दमात नको. मंडईचं मेट्रो स्थानक चालत जाण्याजोगं आहे. उपास असूनही आईने बाहेर आल्यावर कॉफी मागितली, आणि वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडात कोणाकडे काय होतं ते मला मंडईपर्यंत ऐकवलं. एवढी बोलकी मी तिला बऱ्याच दिवसांनी बघितली.

आता सवाई. याबद्दल सविस्तर लिहिते, कारण यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर ही त्यांची शिष्यमंडळी. १९५२ साली ते गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेनजींनी त्यांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. २०११ साली भीमसेनजी गेल्यावर त्यांचंही नाव त्यात आलं. रमणबागेतून २०१८ साली तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात गेला. शनिवार-नारायण पेठेतल्या जुन्या लोकांना हे अजून सलतं, आमच्या आईलाही. पण जागा मोठी आहे, सपाट आहे, आणि स्वारगेट जवळ. तिच्या गुडघ्यांच्या बाजूने बघितलं तर मला मुकुंदनगरच बरं वाटलं.

महोत्सव पाच दिवसांचा असतो. पाचही दिवसांचं एकत्र तिकीट मिळतं आणि एकेका दिवसाचंही. आम्ही शनिवार आणि रविवारची काढली, खुर्चीची. भारतीय बैठक स्वस्त असते आणि तिथली मजा वेगळी आहे हे मला मान्य आहे. सतरंजीवर मांडी घालून बसलेली, डोळे मिटून हातावर ताल मोजणारी माणसं बघितली की आपणही त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटतं. पण साठीच्या पुढच्या माणसाला आठ तास जमिनीवर बसवू नका. जमिनीतून गारवा वर येतो, आणि उठताना आधाराला काही नसतं. खुर्चीसाठी थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. खुर्ची कडेची धरा, म्हणजे मधूनच उठायला लागलं तरी कुणाच्या पायांवरून जावं लागत नाही.

नेताना काय न्यायचं ते मी आता दोन दिवसांच्या अनुभवावरून सांगू शकते. शाल तर सगळेच नेतात, मोजे न्यायला विसरतात. दुपारी तीन-चारला ऊन असतं, माणूस सुती साडीत येतो, आणि साडेआठला पाय गार पडायला लागतात. मोजे, कानाला रुमाल, पाठीमागे घ्यायला लहान उशी. खाण्याचे स्टॉल भरपूर असतात, पण मध्यंतरात रांग लागते. आम्ही घरून दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. आणि थर्मास.

शनिवारी दुपारी आम्ही जाऊन बसलो तेव्हा एका तरुण गायिकेचा मुलतानी चालू होता. आई पहिली दहा मिनिटं मंडपच बघत होती. एवढं मोठं छत, दोन्ही बाजूंचे पडदे, पुढच्या ओळीतली पिकली डोकी. मग ती मला हळूच म्हणाली, ‘दुपारचं गाणं मी कधी ऐकलंच नव्हतं.’ मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं. शनिवार पेठेत ती ऐकायची ते निजानीज झाल्यावरचं आणि पहाटेचं. बाकी वेळी भांडी, गिरणी, आमचे अभ्यास. दुपारचे मुलतानी, भीमपलास, दिवेलागणीचे मारवा, पूरिया तिच्या वाट्याला आलेच नव्हते. आणि जे तिच्या वाट्याला आले होते, ते आता सवाईला येणाऱ्यांना मिळत नाहीत. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद, वर्षातले मोजके दिवस तेवढी बारापर्यंत सूट. सवाईला ती शनिवारी मिळते. त्यामुळे रात्री उशिराचे मालकंस, दरबारी शनिवारीच काय ते ऐकायचे, आणि पहाटेचा ललित, सकाळची तोडी यांना त्या मंडपात आता वेळच उरली नाही. नियम योग्यच आहे, दवाखान्याशेजारी राहणाऱ्याला विचारा. पण रागांना वेळ असते आणि ती वेळ मंडपातून गेली, याची हळहळ मला आईशेजारी बसून पहिल्यांदा वाटली. एकाच दिवसाचं तिकीट काढणार असाल तर शनिवारचं काढा, ते या कारणासाठी.

दोन गाण्यांच्या मधे वाद्यं लावतात तेव्हा बरेच जण उठून चहाला जातात. तुम्ही एकदा तरी जाऊ नका. कडेच्या पडद्यावर तंबोरा जवळून दाखवत होते. मागे बसणारी शिष्या, विशी-बाविशीची मुलगी, मान खाली घालून घोडीवर काही तरी करत होती. तंबोऱ्याची घोडी म्हणजे भोपळ्यावरच्या तबकडीवरचा तो रुंद, पसरट तुकडा, ज्याच्यावरून तारा जातात. त्या मुलीने तारेखालचा दोरा बोटांच्या चिमटीत धरला आणि केसभर पुढे सरकवला. साधा सुती दोरा! माझ्या दुकानात रीळभर पडलेला असतो तसला. तो तारेत आणि घोडीत योग्य जागी आला की तार नुसती टण्ण वाजत नाही, गुंजायला लागते, उघडते. याला जवारी म्हणतात हे मला ऐकून माहीत होतं. पण ती दोऱ्यावर उभी असते हे मला तेव्हा दिसलं. मुलीने दोरा सरकवला, तार छेडली, पुन्हा अर्धा केस मागे घेतला. मग खालच्या टोकाचा मणी जरासा हलवला. आणि एकदम सगळा मंडप त्या एका आवाजाने भरून गेला. गाणाऱ्याने अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. मी आईचा हात धरला. ‘दोरा आहे गं, आपला दोरा!’ तिला पडद्यावरचं नीट दिसलं नसावं, पण ती म्हणाली, ‘हे ऐकू यायचं हां. गॅलरीत. गाण्याच्या आधी हेच यायचं पहिल्यांदा.’

त्या रात्री आम्ही बारापर्यंत बसलो. मला भीती होती की ती दहालाच ‘चल’ म्हणेल. ती नाही म्हणाली. साडेदहाला मी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि तिला दिला. तिने तो झाकणाचा पेला दोन्ही हातांत धरला, वास घेतला, आणि म्हणाली, ‘तुझे बाबा कधी प्यायचे हा? गाताना का मधे?’ मला काय माहीत? मग आम्हीच ठरवलं की मधे पीत असतील. गाताना ते हलायचे नाहीत.

तक्रारी दोन. आमच्या पुढच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी पूर्ण एक ख्याल मोबाइल डोक्यावर धरून टिपला. तो उजेड मागच्या तीन ओळींच्या डोळ्यांवर. सांगितलं तर ‘मुलाला अमेरिकेत पाठवायचंय’ म्हणाले. मुलाला जरूर पाठवा, पण मागच्यांना गायक दिसू द्या. दुसरी, परतीची. रात्री बाराला बाहेर पडल्यावर एका रिक्षावाल्याने धनकवडीला मीटरच्या दुपटीहून जास्त मागितले, आणि आई थंडीत उभी होती म्हणून मी दिले. पुढच्या वेळी ओळखीच्या रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवणार. तुम्हीही तसंच करा, विशेषतः शनिवारी.

रविवारी शेवटी सवाई गंधर्वांच्या स्वतःच्या आवाजातली भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात आणि महोत्सव संपतो. हजारो माणसं गप्प होऊन एका खरखरत्या तबकडीकडे कान लावून असतात. आई हात जोडून उभी होती. घरी जाताना ती एवढंच म्हणाली, ‘ही ओळखीची आहे. ही झाली की मी गॅस पेटवायचे.’

सवाईच्या दिवसांत सकाळी शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारकात ‘षड्ज’ आणि ‘अंतरंग’ असतं, म्हणजे कलाकारांवरचे माहितीपट आणि मुलाखती. माझे आठ ब्लाऊज शिवायचे बाकी होते, मी गेले नाही. माझी एक गिऱ्हाईक दरवर्षी जाते आणि गाण्यापेक्षा तेच आवडतं म्हणते.

बालगंधर्व रंगमंदिराबद्दल थोडक्यात. सवाईनंतरच्या रविवारी दुपारी साडेबाराचा प्रयोग होता. नाटक दोन अंकी, विनोदी, ठीक होतं. आई हसली, मीही हसले, आणि संध्याकाळपर्यंत विसरलो. पण रंगमंदिरासाठी तरी जा. बालगंधर्वांच्याच हस्ते त्याचं भूमिपूजन झालं होतं, आणि २६ जून १९६८ ला, त्यांच्या वाढदिवसाच्या तारखेला, ते सुरू झालं. उद्घाटन बघायला मात्र ते नव्हते. आदल्या वर्षी जुलैत गेले. आत गोपाळ देऊसकरांनी काढलेलं त्यांचं स्त्रीवेशातलं भव्य तैलचित्र आहे. तिसरी घंटा होईपर्यंत मी त्याच्यासमोर होते. रेशीम अंगावर पडतं तेव्हा त्याला वजन असतं, ते खाली ओढलं जातं, वळतं आणि वळणावर चमकतं. ते वजन त्या माणसाने रंगात उतरवलं आहे. त्या काळच्या बायका बालगंधर्वांसारखी साडी नेसायला बघायच्या, पदर तसा घ्यायच्या, हे आजीच्या तोंडून आईने ऐकलेलं. पुरुषाने नेसून दाखवलेली साडी बघून घरोघरच्या बायका नेसायला शिकल्या. माझ्या धंद्यातल्या प्रत्येकीने एकदा तरी हे चित्र बघायला हवं. मध्यंतरातला बटाटेवडा गरम होता, आईने दोन खाल्ले. छत्रपती संभाजी उद्यानाचं मेट्रो स्थानक अगदी शेजारी, त्याचं छत पगडीसारखं.

तिकीट काढायच्या आधी एक गोष्ट विचारून घ्या, ही सूचना शहरातल्या सगळ्याच नाट्यगृहांना लागू आहे: स्त्रियांचं स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर आहे? मागे एका नाट्यगृहात, नाव घेत नाही, ते जिना उतरून खाली होतं आणि मध्यंतर दहा मिनिटांचं. आईचा दुसरा अंक निम्मा जिन्यावर गेला. तेव्हापासून ती नाटकाला यायला तयार नव्हती, आणि मला कारण सांगत नव्हती. म्हाताऱ्या बायका ‘मला कशाला’ म्हणतात तेव्हा कित्येकदा कारण एवढंच असतं.

चौथी फेरी भीमथडी जत्रेची. सिंचननगरच्या मैदानावर डिसेंबरात भरते, कृषी महाविद्यालयाच्या जागेत. भीमेच्या काठची ती भीमथडी, मराठ्यांच्या घोडदळातली काटक तट्टं तिथलीच. जत्रेत गावोगावच्या बचत गटांच्या बायका माल घेऊन येतात. आम्ही स्वारगेटहून मेट्रोने शिवाजीनगरला गेलो. जमिनीखालून. आई खिडकीच्या काळोखाकडे बघत बसली होती. कसबा पेठ स्थानक गेल्यावर मी तिला सांगितलं, आता आपण मुठेच्या पात्राखालून चाललोय. तिने पाय उचलून घेतले! नदीखालून जाताना पाय खाली कसे ठेवायचे, असं तिचं म्हणणं.

भीमथडीत खाणं पहिलं आणि खरेदी नंतर, असा क्रम ठेवा, कारण बारानंतर बसायला जागा मिळत नाही. आम्ही खानदेशी मांडे घेतले. ती बाई पुरणाचा गोळा हातावर घेऊन नुसत्या हाताने वाढवत होती. एका हातावरून दुसऱ्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत मांडा झुलत होता, पातळ होत होता, आरपार उजेड दिसायला लागला तरी फाटत नव्हता. मग उलट्या खापरावर तो असा टाकला, की एक सुरकुती नाही. मी आयुष्यभर कापड हाताळते, पण ओली कणीक अशी कापडासारखी पडताना बघितली नव्हती. दुधाबरोबर खाल्ला. आई म्हणाली, गोड कमी आहे म्हणून चांगला आहे. शेजारी निखाऱ्यावर हुरडा भाजत होते, तोही घेतला, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. वासुदेव फिरत होता, गोंधळी होते, संबळ घुमत होतं.

खरेदीत मात्र डोळे उघडे ठेवा. एका स्टॉलवर ‘अस्सल गुळेदगुड्ड खण’ म्हणून जे विकत होते ते छापील होतं. ओळखायचं कसं ते सांगते. खण हातमागावरचा असेल तर त्याचा पन्हा अरुंद असतो, एका चोळीपुरता, आणि काठ विणलेला असतो. कापड उलटं करा. विणलेली बुट्टी मागच्या बाजूला धाग्यांनी दिसते, छापलेली बुट्टी मागून फिकट किंवा कोरी. चाळीस-पंचेचाळीस इंची पन्ह्याचा ‘खण’ कोणी मीटरवर कापून देत असेल तर तो यंत्रमागाचा समजा. तो वाईट असतो असं नाही, मीही शिवते, पण त्याला हातमागाचा भाव देऊ नका. दोन ओळी पुढे एका मावशींकडे खरा मिळाला, गर्द जांभळा, लाल काठाचा. त्यांनी स्वतःच उलटा करून दाखवला.

तो खण आईसाठी घेतला. तिने ‘मला कशाला’ म्हटलं नाही. मापं मी तिथेच मनात धरली. दंड पूर्वीपेक्षा बारीक झालाय, बाहीला पाऊण इंच आत घ्यावं लागेल.

पुढच्या सवाईला पाचही दिवस जायचं, खुर्ची कडेचीच घ्यायची आणि शनिवारी दुपारी झोप काढूनच निघायचं, असं तिने ठरवून टाकलं आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या लग्नांची कापडं मी आता दिवाळी झाली की लगेच घेणार, त्यानंतर नाही. दुकानात तशी पाटी लावली आहे.